हौमायाच्या दारातली ठेकी

पहलमान गुरुंगच्या उजव्या पायाची शेवटची दोन बोटं नव्हती, आणि ती कुठे गेली हे ऐकायला लोक सात समुद्र ओलांडून येत. निदान पहलमानचं म्हणणं तरी असंच होतं.

धंद्याने तो वाटाड्या, पण सगळ्यात सोप्या वाटेचा. नेपाळातल्या पोखऱ्याहून जीपने वर यायचं, मग मक्याच्या आणि नाचणीच्या बांधांवरून तीन गावं चालायची, लोकांच्या घरी जेवायचं, झोपायचं आणि आल्या वाटेने परत. बर्फ नाही, दोर नाही, छाती दडपणारे कडे नाहीत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात आणि ज्यांच्या मुलांनी विमानतळावर ‘जपून हं’ म्हणून बजावलेलं असतं, अशी मंडळी या फेरीला येत. आता अशा वाटेवर थरार आणायचा कुठून? तो पहलमान पदरचा घालत असे.

पहिल्या गावात एका डोळ्याचा कोंबडा होता. दुसरा डोळा शेजारच्या कोंबडीने फोडलेला. पण पहलमानच्या तोंडी तो बिबट्याशी झुंजून आलेला वीर होता, आणि त्या झुंजीत बिबट्याचे दोन्ही डोळे गेले होते. डांडाखर्कच्या चढावर वाटेकडेला एक भलीमोठी शिळा आहे, वरून बशीसारखी खोलगट. ती यतीची, म्हणजे हिममानवाची बैठक. “थंडीत खाली उतरतो. इथे बसून पाय हलवत खालच्या गावातले दिवे मोजतो. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या बुडाची ऊब इतकी, की बघा, इथे शेवाळ धरत नाही.” पाहुणे त्या खळग्यात बसून फोटो काढत, आणि उठल्यावर हळूच मागे हात लावून पाहत.

पण ही झाली चटणी-कोशिंबीर. खरं पान पहिल्या संध्याकाळी चुलीपाशी वाढलं जाई. रक्सीचा, म्हणजे घरगुती दारूचा पहिला पेला पोटात गेला की पहलमान बूट काढी, मग नवरीचा घुंघट सारावा तसा हळूहळू मोजा काढी, आणि पाय उजेडात धरी.

सगरमाथ्यावर, म्हणजे एव्हरेस्टवर, तो तीनदा चढून आला होता. तिसऱ्या खेपेला उतरताना एका जर्मन साहेबाचा पाय मोडला. वादळ असं, की थुंकी जमिनीवर पडेपर्यंत तिची गारगोटी व्हायची. बाकीचे पळाले. पहलमानने साहेबाला डोकोत, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसवलं, तिचा पट्टा कपाळाला लावला आणि निघाला. साहेब झोपला की संपला. म्हणून पहलमान सारखा बोलत राहिला. “झोपू नकोस. झोपलास तर तुझ्या वाटचा मका मी खाईन.” खिशात मूठभर भाजका मका होता. दर वळणावर एक दाणा मागे द्यायचा, दाणा चावल्याचा आवाज आला की पुढचं पाऊल टाकायचं. खाली पोचले तेव्हा साहेब जिवंत होता, आणि पहलमानच्या बुटात दोन बोटं सुटी खुळखुळत होती.

“दोन बोटं डोंगराला दिली,” मोजा वर ओढत तो म्हणे, “आणि माणूस मागून घेतला.”

 यानंतर चुलीभोवतीची एखादी बाई नाक पुसे. पहलमान चुलीत उगाच एक लाकूड सरकवी.

या खेपेचे पाहुणे म्हणजे हॉलंडचं एक म्हातारं जोडपं, योहान आणि लीस. योहानचा जन्म एका कालव्यावरचा पूल उघडण्यात आणि मिटण्यात गेला होता. त्याच्याकडची जमीन तव्यासारखी सपाट, त्यामुळे इथल्या पहिल्या चढालाच त्याने टोपी काढली. माणूस इतका सरळ, की पहलमानने जे जे सांगितलं ते त्याने आत घेतलं आणि वरून पूल मिटून टाकला. मक्याचं वाक्य तर त्याला एवढं आवडलं की “तुमच्या बोलीतच शिकवा” म्हणाला. पहलमानने शिकवलं. झालं! दुसऱ्या दिवशी लीस मागे पडली रे पडली, की योहान वळून हेल काढून ओरडायचा, “झोपू नकोस! झोपलास तर तुझ्या वाटचा मका मी खाईन!” लीस काठी उगारायची. आणि पहलमानला, दर वेळी, नसलेल्या बोटांत मुंग्या यायच्या.

त्याने मनात म्हटलं, बूट आवळला असेल.

डांडाखर्क हे फेरीतलं शेवटचं गाव, पहलमानचं स्वतःचं. तिथे पाहुण्याने कुठे उतरायचं हे पाहुणा ठरवत नाही, वाटाड्याही नाही. ठेकी ठरवते. दूध विरजायचं लाकडी भांडं ते, पोट सुटलेलं, तूप पिऊन पिऊन काळं झालेलं. ज्या घराच्या ओसरीवर ठेकी, त्या घरी मुक्काम. पाहुणा तिथे जेवला, झोपला, की सकाळी त्या घरची बाई ती काखेला लावून शेजारच्या घरी नेऊन ठेवते. म्हणजे सगळ्यांना सारखी पाळी, भांडण नाही. पाहुणा न उतरवताच जर कोणी ठेकी पुढे सरकवली तर त्या घराने पाहुण्याला दार लावलं असा अर्थ. एखाद वेळी अडचण कोणालाही येते. पण पुन्हा पुन्हा झालं तर बायका एकमेकींकडे बघायला लागतात.

ही गंमत पहलमान वाटेतच पाहुण्यांना रंगवून सांगे. योहानलाही सांगितली होती. फक्त एक गोष्ट तो सांगत नसे. ठेकी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या दारात आली, की तो ती तिथून हलवत असे.

हौमाया त्याची थोरली बहीण. घर गावाच्या पार वरच्या टोकाला. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, सोबतीला एक म्हैस आणि मखमली फुलांचे ताटवे. घर मोडकं नव्हतं, बाई कजाग नव्हती, हाताला चव अशी की शेजारी वासावर भात जेवत. अडचण होती ती ओसरीवरच्या ढिकीची. पायाने एक टोक दाबलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ उचललं जातं आणि धप्पकन खळग्यातल्या भातावर पडतं, असं ते लांबलचक लाकडी धूड. पहलमानची दोन बोटं त्या मुसळाखाली गेली होती. लहानपणी दीदी ढिकी दाबत होती आणि हा गरम पोहे चोरत होता. हाताने चोरले तर दिसेल, म्हणून पायाने!

जगात याहून मजेदार गोष्ट नाही असं हौमायाचं मत. पूर्वी एकदा त्याने पाहुणे तिच्याकडे उतरवले होते. भाषा येत नसली म्हणून काय झालं? तिने एका फ्रेंच बाईला ढिकीशी बसवलं, स्वतः चोरट्या पोरासारखा पाय पुढे केला, “धप्प!” म्हणून ओरडली आणि पहलमानच्या बुटाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात म्हैस दावं तोडून कोबीत शिरली म्हणून त्या दिवशी सगरमाथा वाचला. नाहीतर तिथेच कोसळला असता.

तेव्हापासून दीदीची पाळी आली की पहलमान पाहुण्यांना पिंपळाखालच्या चौताऱ्यावर चहा पाजायला बसवी, एकटाच धापा टाकत वर जाई आणि थाप मारी. पहिल्यांदा म्हणाला, “दीदी, या लोकांना म्हशीच्या वासाने चक्कर येते.” दुसऱ्यांदा म्हणाला, “नवरा-बायको दोघांत मिळून तीनच फुप्फुसं आहेत, धूर अजिबात चालत नाही.” तिसऱ्यांदा डोकं चाललं नाही, तेव्हा म्हणाला, “यांच्यात गावाच्या वरच्या टोकाला झोपलं की सासू मरते.”

“मग तर खालच्या टोकाला कोणी झोपायलाच नको,” हौमाया म्हणाली. पण हसत हसत ठेकी उचलून तिने शेजारी नेऊन दिली. दर वेळी दिली. थाप पचली, पहलमानला वाटलं.

आता चौथी खेप. चौताऱ्यावर पुतलीआमा पाहुण्यांसाठी हार घेऊन बसली होती. गावातल्या बायकांच्या मंडळाची ती म्होरकी, आणि तिची जीभ विळ्यासारखी.

“या, सगरमाथा!” ती म्हणाली. “कोणाला फसवून आणलंत या वेळी? बिचारे भले दिसताहेत.”

“आमा, पाहुण्यांसमोर...”

“त्यांना कुठे कळतंय!” तिने योहानच्या गळ्यात हार घातला, त्याला हसून नमस्कार केला आणि त्याच हसऱ्या तोंडाने पहलमानला म्हणाली, “ठेकी तुझ्या दीदीकडे आहे. आणि आज ती तिने पुढे सरकवली ना, तर पुन्हा तिच्या दारात येणार नाही. बायकांनी ठरवलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिचं घर पाळीतून बाद. किती वेळा ऐकून घ्यायचं? पहिल्यांदा म्हणे कंबर धरली. मग म्हणे छप्पर गळतंय. मागच्या वेळी म्हणे, मला नाही आवडत परके लोक घरात. तोंडावर सांगितलं हो आम्हाला! आम्ही तिला काय कमी केलं? लग्नाकार्यात आता तिच्याशी कोणी दोन शब्द जास्त बोलत नाही. आळशी म्हणतात, माणूसघाणी म्हणतात. तुझी बहीण म्हणून सांगते, विचार तिला, काय खुपतंय?”

पहलमानच्या हातातला चहा तसाच राहिला. म्हशीचा वास, तीन फुप्फुसं, सासू. यातलं काहीच गावाला पोचलं नव्हतं. दीदीने त्याच्या थापा गिळल्या होत्या आणि गावासमोर स्वतःच्या थापा मांडल्या होत्या. त्याच्या थापा त्याला मोठं करत, तिच्या थापांनी तिला लहान केलं होतं.

लाज वाटली त्याला. वाटली ना! पण लाज काही एकटी येत नाही, सोबत भीतीला घेऊन येते. योहान हार हुंगत लीसला सांगत होता, “पिमला लिहायला हवं, की मी मिस्टर पहलच्या गावात आहे.” पिम म्हणजे त्याचा नातू. त्याला टेलिफोनवर जर्मन साहेबाची गोष्ट कालच सांगून झाली होती. पहलमान उठला, म्हणाला, “तुम्ही बसा, मी पुढे होऊन बघून येतो,” आणि पायवाटेने वर निघाला. चढताना त्याने पुतलीआमाशी बोलण्याचा विचार केला, दीदीची माफी मागण्याचा केला, आणि वर पोचेपर्यंत त्याच्या तोंडात चौथी थाप तयार होती.

हौमायाचं अंगण लाल मातीने सारवलेलं, भिंतीला खाली गेरू आणि वर पांढरी माती, दाराला मखमलीचा हार. ओसरीच्या कडेला ठेकी पुसून चकचकीत करून ठेवलेली. ती स्वतः नवी चोळी घालून उंबऱ्यात उभी होती.

“बोल कांछा, धाकट्या,” ती म्हणाली. “या वेळी किती फुप्फुसं?”

“दीदी, हे लोक ना...”

“थांब. घाम पूस आधी.” तिने पाणी दिलं. “ठेकी पुसून ठेवलीय. न्यायची तर ने. पुतलीला सांगेन गुडघा गेला म्हणून. गुडघा राहिलाच होता सांगायचा.” मग आवाज उतरवून, जणू भिंती ऐकतील अशा बेताने, ती म्हणाली, “पण इकडे ये. बघ तरी. कळतं का कुठे काही?”

ओसरीच्या टोकाला लोकरीची जाड राडी पसरली होती. वर दोन उशा. बाकासारखं काहीतरी छान तयार झालं होतं. पहलमानला समजायला क्षणभर लागला. खाली ढिकी होती.

“मुसळ काढून गोठ्यात ठेवलंय,” हौमाया म्हणाली. “मला काय माहीत होतं, तू त्यांना काय सांगतोस ते! खेचरं हाकणाऱ्या बलेने सांगितलं मागे. बर्फ काय, जर्मन काय! मी म्हटलं, अरे देवा, आणि आपण ‘धप्प’ करून दाखवायला निघालो होतो. तू सांगायचंस ना वेड्या. मी गप्प बसले असते.”

पहलमानला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. डांडाखर्कची जमीन कडक, तिने तसलं काही केलं नाही.

आणि तो तोंड उघडणार, काय बोलणार होता ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, तेवढ्यात मागून धापा आणि काठीची टकटक ऐकू आली. योहानला चौताऱ्यावर बसवेना. गुडघा चढाला नाही, थांबण्याला कुरकुरतो असं त्याचं म्हणणं. लीसला घेऊन तो पायवाटेने सरळ वर आला होता. अंगणात येताच त्याचं लक्ष ठेकीकडे गेलं आणि म्हातारा लहान मुलासारखा ओरडला, “ती बघ! ठेकी जिथे, मुक्काम तिथे! बरोबर ना मिस्टर पहल?” म्हणत ओसरी चढला, राडीवर, दोन उशांच्या मधोमध, ढिकीच्या पाठीवर टेकला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

पाहुण्याने ज्या ओसरीवर जोडे काढले तिथून त्याला उठवणं म्हणजे देवळातून देव उठवणं. एक बूट निघाला. पहलमान बघत राहिला. दुसरा निघाला.

“ही कोण?” लीसने विचारलं.

“माझी बहीण,” पहलमान म्हणाला.

“तुमच्या बहिणीचं घर! आणि तुम्ही बोलला नाहीत!” योहान पुन्हा उभा राहिला, दोन्ही हात जोडले, आणि आपलं इथल्या बोलीतलं एकुलतं एक भांडवल काढून त्याने मोठ्या प्रेमाने, हेल काढून हौमायाला अर्पण केलं:

“झोपू नकोस. झोपलास तर तुझ्या वाटचा मका मी खाईन.”

हौमायाने हातातला तांब्या खाली ठेवला.

बर्फ आणि जर्मन तिला ठाऊक होते. हे ठाऊक नव्हतं. कारण हे वाक्य तिचं होतं. ढिकीने बोटं चिरडली त्या पावसाळ्यात बाप परदेशी पलटणीत, आई बाळंतीण. वाट दरडीने खाल्लेली. तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या हौमायाने धाकट्या भावाला डोकोत घातलं, पट्टा कपाळाला लावला आणि खालच्या दवाखान्याची वाट धरली. रक्त थांबेना, पोर पेंगायला लागलं. तेव्हा एकेक दाणा मागे देत ती बोलत राहिली होती. त्याला मोठं झाल्यावर गोष्ट हवी होती, तेव्हा त्याने ही घेतली. डोको घेतला, मका घेतला, पाठ घेतली. फक्त पाठीवर कोण आणि पाठ कोणाची, एवढं बदललं.

हौमायाने भावाकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. घरातली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या फळीवर दिसावी आणि बोलता येऊ नये, तसं पाहिलं.

“छान बोलतो हो म्हातारा,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

दिवे लागायच्या सुमारास सगळे चुलीपाशी ओसरीच्या आतल्या अंगाला बसले. योहान आपल्या आवडत्या राडीच्या बाकावरच टेकून होता. नाचणीचं ढिंडो, काळी डाळ, गुंद्रुकचा, म्हणजे आंबवलेल्या पाल्याचा रस्सा, रानकोंबडीइतकी चिवट गावठी कोंबडी. लीसने बोटांनी खाल्लं आणि बोटं चाटली. आज पहलमानने मोजा काढला नाही. कोणी विचारलंही नसतं, पण योहानच्या पोटात रक्सी गेली आणि तो म्हणाला, “मिस्टर पहल, तुमच्या बहिणीला विचारा. भाऊ माणसाला पाठीवर घेऊन मरणातून परत आला हे कळलं, तेव्हा तिला काय वाटलं?”

पहलमानने हौमायाला सांगितलं, “जेवण आवडलं म्हणताहेत.”

“एवढं लांबलचक?” ती म्हणाली. “आणि जेवण आवडलं तर तुझ्या पायाकडे का बघतोय? बर्फाचं ऐकायचंय ना त्यांना?”

“दीदी, राहू दे.”

“का राहू दे? माझ्या घरी आलेत. माझ्या घरात गोष्ट कमी पडली असं व्हायला नको.” तिने चुलीतली राख झटकली, चोळीच्या बाह्या सारख्या केल्या आणि योहानकडे तोंड करून सुरू झाली. “माझा हा कांछा म्हणजे वाघ! बर्फ असं पडत होतं, साहेब, एकेक कण भोपळ्याएवढा...” दोन्ही हातांनी तिने भोपळे आभाळातून पाडले.

आणि पहलमानला कळलं की थापा मारायची विद्या त्याला कुठून आली. त्याच्या वादळात थुंकीची गारगोटी होत होती. हिच्या वादळात याकचं कातडं उलटं होऊन लोकर आत गेली. त्याने एक साहेब वाचवला होता. हिने त्याच्या हातात साहेबाची पेटी आणि कुत्रासुद्धा दिला. डोळे मोठे करून, गुडघ्यावर थापा मारून ती आपल्या भावाला डोंगराएवढा करत होती. शेजारी, राडीखाली, ढिकी गप्प पडून होती.

“काय म्हणतेय?” योहान पुढे झुकला. “सांगा ना!”

दुभाष्या तोच. दुसरं कोण? पहलमानने ओठांवरून जीभ फिरवली.

“ती म्हणतेय...” तो म्हणाला. “ती म्हणतेय, पाऊस पडत होता.”

“बर्फ?”

“नाही. पाऊस. श्रावणातला. एकेक थेंब भोपळ्याएवढा.”

हौमाया वाऱ्यासारखी फुंकर घालत हात फिरवत होती. “वारा तर असा, की देवाचे झेंडे चीनमध्ये जाऊन पडले!”

“दरड कोसळली होती,” पहलमानने भाषांतर केलं. “वाट उरली नव्हती.”

“पायाखाली नुसता बर्फाचा आरसा! हा चालतोय, खाली दुसरा कांछा उलटा चालतोय.”

“पायाखाली चिखल. गुडघ्यापर्यंत जळवा. तिच्या पायात चप्पल नव्हती.”

“तिच्या?” लीस म्हणाली.

पहलमानने बायकांच्या जातीला कधी फसवता येत नाही असं ऐकलं होतं. ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. तो चुलीकडे बघत बोलत राहिला. “पोरगं नऊ वर्षांचं होतं. पोहे चोरत होतं. पायाने. मिस्टर योहान, तुम्ही ज्याच्यावर बसलात ना, त्याच्या खाली.”

योहानने हळूच राडीचं टोक उचललं. तेलकट झिजलेलं लाकूड, आणि पुढे रिकामा दगडी खळगा. त्याने टोक पुन्हा होतं तसं ठेवलं, नीट, घडीवर घडी.

तोवर हौमाया उचलण्याच्या जागी आली होती. आणि इथे तिचं काहीतरी बदललं. तोंडाने ती ‘त्याने साहेबाला उचललं’ असंच म्हणत होती, पण आता हात मोठे होत नव्हते. पाठ आपोआप वाकली. हात कपाळाशी गेले आणि नसलेला पट्टा जिथे बसायचा त्या खाचेवर थांबले. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या बाईच्या कपाळाला ती खाच असतेच, पण तिचं बोट नेमकं तिथे गेलं. तिने मुठीतून एक नसलेला दाणा काढला आणि खांद्यावरून, मागे न बघता, मागे दिला. मग कान दिला. मग पाऊल टाकलं.

आता भाषांतर करायचं काही उरलंच नव्हतं. पहलमानने तरी केलं. एकेक शब्द. थाप मारताना त्याचं इंग्रजी घोड्यासारखं धावे. आज ते लंगडत चाललं होतं.

“आणि सगरमाथा?” गोष्ट संपल्यावर योहानने विचारलं.

“पायथ्याशी होतो. बटाटे सोलायला.”

“तीनदा?”

“एकदा. परत बोलावलं नाही.”

योहान हसला नाही. पहलमानला वाटलं होतं तो हसेल, किंवा चिडेल. तो आपल्या मोज्यांकडे बघत बसला, जणू पूल उघडा राहून गेलाय आणि खालून काय काय वाहून गेलं याचा हिशेब लागत नाहीये. मग म्हणाला, “पिमला मी तुमचं नाव सांगितलं होतं.” एवढंच. ते वाक्य पहलमानच्या अंगावर सगरमाथ्याच्या सगळ्या बर्फापेक्षा जड पडलं.

लीस उठली, हौमायाशेजारी जाऊन टेकली आणि न विचारता तिच्या कपाळावरच्या खाचेवरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

“अगं बाई!” हौमाया गोंधळली. “ही रडते का? कांछा, तू साहेबाला मारलंस की काय? मी तर वाचवला होता!”

“वाचला दीदी. वाचला.”

“मग?”

“गोष्ट आवडली त्यांना.”

हौमायाने म्हाताऱ्याचं उतरलेलं तोंड पाहिलं, बाईचा अंगठा अजून आपल्या कपाळावर आहे हे पाहिलं, राडीचं टोक फार व्यवस्थित ठेवलंय हे पाहिलं. शेवटी भावाकडे पाहिलं. तो चुलीतल्या राखेत काडीने रेघा ओढत होता.

“मी सांगितलं तेच सांगितलंस ना?”

“तेच.”

“खोटारड्या,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात न मागता आणखी ढिंडो वाढलं. मग, भांडी उचलता उचलता, पाठमोरीच, “पण ते वाक्य तेवढं विचारून घ्यायचं होतंस रे.”

 पहलमान ते ढिंडो संपवत बसला. 

सकाळी हौमायाने नवी चोळी पुन्हा घातली, ठेकी काखेला लावली आणि गावाच्या मधल्या वाटेने, जवळची आडवाट सोडून, शेजारच्या घरी न्यायला निघाली. चौताऱ्यावर पुतलीआमा आणि दोघी-तिघी उभ्या होत्या.

“काय गं, बरी झाली वाटतं कंबर?”

“कंबरेला काय झालं होतं?” हौमाया म्हणाली. “माझी कंबर घोड्यासारखी आहे.”

पहलमान मागून बोजे घेऊन येत होता. त्याने बोजे खाली ठेवले. “आमा,” तो म्हणाला, “कंबरही नव्हती आणि छप्परही नव्हतं. मीच पाहुणे उतरवू देत नव्हतो तिच्याकडे. तिने माझ्यासाठी...” पुढचं त्याला जमेना.

पुतलीआमाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जीभ एवढी धारदार, पण तिने ती म्यानातच ठेवली. टोमणा मारला असता तर पहलमानला पळवाट मिळाली असती. ती फक्त हौमायाकडे गेली आणि ठेकीला दुसऱ्या बाजूने हात लावला, म्हणाली, “दे, जड असते.” दोघी मिळून पुढे गेल्या. भांडं एकटीला जड नव्हतं.

उतारावर योहान पुढे चालत होता, लीस मधे, पहलमान मागे.  मक्यात पोपट ओरडत होते, त्यांच्याबद्दलही पहलमानकडे एक झकास थाप होती. ती आत आत जिरली. लीस एका वळणावर दमून थांबली. योहान सवयीने वळला, तोंड उघडलं, आणि पहलमानकडे नजर जाताच मिटलं.

यतीच्या शिळेपाशी योहान त्या खळग्यात बसला. गुडघा चोळत राहिला. मग वर न बघता म्हणाला, “आणि इथे कोण बसतं?”

पहलमानने घसा साफ केला.

“कोणी बसत नाही. दीदीने इथे डोको टेकवला होता. दम घ्यायला. मला तिने उतरवलं नाही, म्हणाली, उतरवलं तर पुन्हा उचलता येणार नाही. पाऊस या खळग्यात साठला होता, तो तिने ओंजळीने मला पाजला.”

योहानने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. पहलमानने तोंड जमेल तेवढं सरळ धरलं. पण इतकी वर्षं त्या तोंडाने यती आणि बिबटे वागवले होते. खरं बोलताना नेमकं कसं दिसायचं हे त्याला आठवेना. भुवया उंच गेल्या, हात उगाच छातीशी आला, आणि दिसला तो अगदी तसाच, जसा दर वेळी दिसत असे.

“खरं?” योहान म्हणाला.

“दीदीची शपथ,” पहलमान म्हणाला, आणि म्हणताक्षणी आठवलं, की जर्मन साहेबाच्या गोष्टीतही तो हीच शपथ घ्यायचा.

 काठी टेकवून योहान हळूच खळग्यातून उठला, वाकून आत साचलेली पानं हाताने बाजूला सारली, आणि शिळेला वळसा घालून उताराला लागला.